वकिलांचं ऑफिस आता फोनमध्ये आलंय, मग अशिलांची गुपितं कुठे आहेत?

तपास यंत्रणेला एखाद्या वकिलाचा लॅपटॉप किंवा फोन तपासायचा असेल, तर तो उचलून थेट उघडता येणार नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं दिलेल्या निकालात यासाठीची पद्धत ठरवून दिली आहे.

ते उपकरण कोर्टासमोरच हजर करायचं. ज्या पक्षकाराची माहिती हवी आहे, त्याला नोटीस द्यायची. त्याचं आणि वकिलाचं म्हणणं ऐकायचं. हरकती फेटाळल्या, तरी उपकरण त्या दोघांच्या समोरच उघडायचं आणि त्यांच्या पसंतीचा तांत्रिक जाणकार त्यांना सोबत ठेवू द्यायचा. शिवाय त्या वकिलाच्या इतर अशिलांची माहिती उघडी पडणार नाही, याची काळजी कोर्टानं घ्यायची.

त्या वर्षी ईडीनं दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवलं होतं आणि गुजरातमध्ये पोलिसांनी एका वकिलाला नोटीस दिली होती. त्यावरून सुरू झालेल्या वादात हा निकाल आला.

एवढा बंदोबस्त ज्या लॅपटॉपभोवती उभा केला, त्यातलीच एखादी फाईल काल रात्री ज्युनिअरनं स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवली असेल तर? किंवा कारकुनानं ती कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून छापली असेल आणि दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तशीच राहिली असेल तर?

महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांतली वकिली बहुतांशी छोट्या ऑफिसांतून चालते. एक सिनिअर, एक-दोन ज्युनिअर, एक कारकून, जमलं तर टायपिस्ट. या ऑफिसांनी 'वर्क फ्रॉम होम' असं काही जाहीर केलेलं नाही. पण काम कधीच ऑफिसच्या बाहेर गेलंय. ते कुठल्याही आखणीशिवाय गेलंय, आणि अडचण तिथे आहे.

काम बाहेर गेलं कसं?

सुरुवात अर्थातच कोरोनापासून. ६ एप्रिल २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं राज्यघटनेच्या कलम १४२ खालचे अधिकार वापरून देशभरातल्या कोर्टांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं कामकाज चालवण्याची वाट मोकळी करून दिली. साथ ओसरल्यावर अनेक ठिकाणी ही सोय आटली. तेव्हा ऑक्टोबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानंच पुन्हा बजावलं की, कुठल्याही हायकोर्टानं वकिलांना किंवा पक्षकारांना ऑनलाइन हजेरीची सोय नाकारू नये. त्याच्या काही आठवडे आधी केंद्र सरकारनं ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले होते.

प्रत्यक्षात कुठल्या कोर्टात लिंक वेळेवर मिळते आणि कुठे आवाजच येत नाही, हा अनुभव तालुक्यागणिक बदलतो. तरीही तारीख ऑनलाइन पाहणं, ई-फायलिंग करणं, आदेशाची प्रत डाउनलोड करणं ही कामं आता फोनवरून होतात. याला उलट वळणही लागतं. जून २०२५मध्ये गुजरात हायकोर्टाच्या सुनावणीत एक पक्षकार चक्क शौचालयातून हजर झाला होता. पण असे किस्से व्हायरल होतात म्हणून रोजच्या हजारो साध्या, निर्विघ्न सुनावण्या विसरून चालणार नाही.

दक्षिण महाराष्ट्रात आणखी एक बदल झाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या प्रकरणांसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

समजा, सांगलीत तिघांचं एक ऑफिस आहे. पूर्वी हायकोर्टाचं काम आलं की ते मुंबईच्या वकिलाकडे सोपवून हे मोकळे व्हायचे. आता सकाळी सांगलीच्या जिल्हा कोर्टात जामीन अर्ज, दुपारी कोल्हापुरात अपील आणि संध्याकाळी पुण्यात नोकरी करणाऱ्या अशिलाशी व्हिडिओवर बोलणं, हे सगळं त्याच तिघांना करावं लागतं. माणसं तेवढीच आहेत. वाढलीय ती फाईल एकाच दिवशी तीन ठिकाणी लागण्याची गरज.

व्हॉट्सॲपवर चाललेलं ऑफिस

ही गरज आज भागते कशी? बहुतेक वेळा व्हॉट्सॲपनं.

अशील कागदाचा फोटो पाठवतो. सिनिअर तो ज्युनिअरला पुढे ढकलतात. ज्युनिअर मसुदा करून ग्रुपवर टाकतो. कारकून त्यातली 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल शेवटची' यांपैकी एक उचलून छापायला देतो. कधीकधी चुकीची.

व्हॉट्सॲपचे संदेश प्रवासात एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मधल्या कुणाला ते वाचता येत नाहीत. हे खरं आहे, आणि त्यावर विसंबूनच सगळे निर्धास्त असतात. पण कागद धोक्यात येतो तो पोहोचल्यानंतर. फोटो आपोआप गॅलरीत उतरतो, जिथे घरातली लहान मुलं गेम शोधत असतात. चॅटचा बॅकअप क्लाउडवर जातो. त्या बॅकअपला एन्क्रिप्शन लावण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती स्वतः सुरू करावी लागते. ज्युनिअर ऑफिस सोडून गेला, तरी तीन वर्षांचे कागद त्याच्या फोनमध्येच राहतात.

आणखी एक नुकसान आहे, ज्याची चर्चा कमी होते. ते पुराव्याचं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याच्या नमुन्यात त्या फाईलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा समजा. फाईलमध्ये एका ठिपक्याचा फरक पडला, तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲप फोटो आणि व्हिडिओ साधारणपणे लहान करून पाठवतं. म्हणजे वकिलाकडे आली ती मूळ फाईल नसते, आणि दोघींचे ठसे जुळत नाहीत. अशिलानं फोन विकला किंवा फॉरमॅट केला की मूळ फाईल संपली. मारहाणीचा व्हिडिओ असेल किंवा धमकीचं रेकॉर्डिंग, कागद मिळवण्याची ढिली पद्धत पुढे उलटतपासणीत अंगाशी येऊ शकते.

बाहेरून काम, आणि दार सताड उघडं

दुर्लक्ष केल्यास काय होतं, याची दोन नोंदवलेली उदाहरणं ब्रिटनमधली आहेत. तिथे माहिती संरक्षणाची नियामक संस्था चौकशीचे तपशील जाहीर करते, म्हणून ती नेमकेपणानं सांगता येतात.

टकर्स सॉलिसिटर्स ही फौजदारी बचावाचं काम करणारी फर्म. ऑगस्ट २०२०मध्ये तिच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागण्याचा प्रकार. ९ लाख ७२ हजारांहून अधिक फायली बंद पडल्या. त्यात कोर्टात सादर करायचे २४,७१२ कागदपत्रांचे संच होते. त्यांपैकी ६० संच चोरून डार्क वेबवर टाकण्यात आले. बॅकअपही त्याच हल्ल्यात गेला.

मार्च २०२२मध्ये नियामकानं फर्मला ९८ हजार पाउंडांचा दंड केला. कारणं वाचली तर त्यात अवघड तंत्रज्ञान काहीच नाही. बाहेरून लॉगिन करताना पासवर्डशिवाय दुसरा कुठलाही पुरावा मागितला जात नव्हता. एका सॉफ्टवेअरमधली फट बुजवणारं अपडेट उपलब्ध होतं, ते लावायला पाच महिने गेले. जुन्या फायली एन्क्रिप्ट केलेल्या नव्हत्या.

दुसरं उदाहरण लिव्हरपूलजवळच्या डीपीपी लॉ या फर्मचं. जून २०२२मध्ये क्वचितच वापरात असलेल्या एका ॲडमिन खात्यातून हल्लेखोर आत शिरले. त्या खात्यालाही दुसरं कुलूप नव्हतं. ३२ जीबी माहिती गेली. अशिलांची माहिती डार्क वेबवर आहे, हे फर्मला गुन्हे अन्वेषण यंत्रणेनं सांगितलं तेव्हा कळलं. नियामकाला कळवायला ४३ दिवस लागले. एप्रिल २०२५मध्ये ६० हजार पाउंडांचा दंड झाला. ही फर्म लैंगिक गुन्हे, कौटुंबिक वाद, पोलिसांविरुद्धचे दावे अशी कामं घेते. त्या फायलींमध्ये काय काय असेल, याची कल्पना करून पाहा.

आपल्याकडच्या तिघांच्या ऑफिसवर कोण हल्ला करणार, असं वाटू शकतं. पण हे हल्ले नाव पाहून होत नाहीत. यंत्रं रात्रंदिवस इंटरनेटवरची दारं ढकलून पाहत असतात आणि जे उघडं सापडेल त्यात शिरतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टायपिस्टच्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर त्यावरच चालत असेल आणि वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेले नसतील, तर तो या दारांपैकीच एक आहे.

मग सुरक्षित व्यवस्था म्हणजे काय?

पहिली गोष्ट म्हणजे कागद एकाच जागी. ऑफिसच्या नावाचं, पैसे भरून घेतलेलं क्लाउड खातं, आणि त्यात प्रत्येक प्रकरणाचं वेगळं फोल्डर. कागद कुणाला पाठवायचा नाही, त्या फोल्डरची परवानगी द्यायची. सांगलीतले सिनिअर, कोल्हापूरला गेलेला ज्युनिअर आणि घरून काम करणारी सहकारी एकच मसुदा उघडतात. कोणी केव्हा काय बदललं, याची नोंद राहते आणि 'फायनल शेवटची' हा प्रकार संपतो. इथे एक खोड मात्र मोडावी लागते. 'ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो' हा पर्याय सोयीचा असतो, म्हणूनच धोक्याचा असतो. लिंक पुढे कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन. एकाच पासवर्डवर अख्खं ऑफिस चालत असेल, तर चूक कोणाची हे कधीच कळत नाही, आणि माणूस सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो. स्वतंत्र खातं असेल तर ते दोन मिनिटांत बंद करता येतं.

पासवर्डनंतर फोनवरच्या ॲपमधून एक संकेतांक मागणारी दुहेरी तपासणी तर हवीच. ब्रिटनमधल्या दोन्ही फर्ममध्ये नेमकी हीच नव्हती. तिला पैसे पडत नाहीत. रोज दहा सेकंद जास्त लागतात आणि सिनिअर वैतागतात, एवढीच तिची किंमत.

लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी, म्हणजे तो एसटीत किंवा कोयना एक्सप्रेसमध्ये विसरला तरी चोराच्या हाती फक्त यंत्र लागतं, अशिलांचे कागद लागत नाहीत. हरवलेला फोन दुरून पुसून टाकण्याची सोय आधीच सुरू करून ठेवावी लागते. हरवल्यावर ती शोधत बसून उपयोग नाही. बॅकअपची एक प्रत अशी हवी, जी एरवी कशालाच जोडलेली नसते. साधी बाहेरची हार्ड डिस्क, आठवड्यातून एकदा लावायची, काढून कपाटात ठेवायची. टकर्सचा बॅकअप हल्ल्याच्या आवाक्यात होता, हे लक्षात घ्या.

आणि डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल. ई-फायलिंगसाठी घेतलेला हा डोंगल आणि त्याचा पिन सर्रास कारकुनाच्या खिशात असतो. हे म्हणजे कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून देणं झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीची चावी आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याची स्वाक्षरी आहे त्याचीच असते. कारकुनावर विश्वास नाही असा याचा अर्थ होत नाही. उद्या काही चुकीचं दाखल झालं तर बिचाऱ्याला हात झटकता येत नाहीत, त्यामुळे वेगळं ठेवण्यात त्याचंही भलं आहे.

यातून मिळतं काय?

तंत्राची ही सगळी कटकट सोसायची ती माणसांसाठी.

बाळंतपणानंतर वर्षभर कोर्टात रोज उभं राहणं शक्य नसलेली वकील मुलगी आज बहुधा वकिलीच सोडते किंवा सिनिअर तिला हळूहळू बाजूला ठेवतात. फायली सुरक्षितपणे घरी उघडता आल्या, तर वादपत्रं, कैफियती, निवाड्यांचा शोध, अशिलांशी व्हिडिओवरची चर्चा ती करू शकते. सिनिअर आजारी पडले तर 'ती फाईल कुठे आहे हे फक्त साहेबांनाच माहीत' या वाक्यावर तारीख मागून घ्यावी लागत नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा लढणारा रत्नागिरीचा माणूस दुबईत नोकरीला असेल, तर मसुदा पाहायला त्याला रजा टाकून यावं लागत नाही.

पण एक खर्च ऑफिसनंच उचलायला हवा. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. ही शिफारसच आहे, तेवढे पैसे सगळ्यांना मिळत नाहीत. अशा ज्युनिअरला 'घरून काम कर, लॅपटॉप तुझाच आण' म्हणायचं आणि त्याच लॅपटॉपवर त्याचा भाऊ सिनेमे उतरवतो म्हणून कपाळाला हात लावायचा, यात अर्थ नाही.

कायदा सूट देतो, पण अर्धीच

अशिलानं सांगितलेलं गुपित राखणं हे वकिलाचं जुनं कर्तव्य आहे. आता ते साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काम संपल्यानंतरही ते सुटत नाही, आणि ते वकिलाच्या कारकुनाला व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे.

त्यात भर पडली ती डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. हा कायदा कंपन्यांसाठी आहे, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. लोकांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्या प्रत्येकाला तो लागू होतो.

कलम १७ मध्ये सवलत आहे. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणं गरजेचं असेल, तर बऱ्याच अटी लागू होत नाहीत. नाहीतर विरुद्ध पक्षाची माहिती दाव्यात लिहायला त्याचीच संमती मागावी लागली असती! पण याच कलमात एक गोष्ट सवलतीतून मुद्दाम बाहेर ठेवली आहे. माहिती फुटू नये म्हणून वाजवी सुरक्षा ठेवण्याची जबाबदारी. ती दाव्याच्या कामातही कायम राहते, आणि ती मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या ऑफिसला एवढा दंड होईल असं कुणी म्हणत नाही. मंडळ दंड ठरवताना प्रकरणाचं गांभीर्य पाहणार आहे. तरी 'वाजवी' म्हणजे काय याचा अंदाज नियमांत आहे: एन्क्रिप्शन, कोणाला किती प्रवेश यावर नियंत्रण, कोणी काय उघडलं याच्या नोंदी, आणि बॅकअप. म्हणजे वर सांगितलेली यादीच.

जे घरून होत नाही

मृत्युपत्र इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीनं करता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यानंच ते वगळलंय. त्यासाठी कागद, शाई आणि दोन साक्षीदार लागतातच. उलटतपासणी ऑनलाइन घेता येते, पण साक्षीदाराच्या हातात त्याचीच सही असलेला कागद ठेवून त्याच्या चेहऱ्याकडे पाहणं वेगळं, हे कुठलाही दिवाणी वकील सांगेल. नवा ज्युनिअर कोर्टाच्या व्हरांड्यात जे शिकतो, तेही स्क्रीनवर मिळत नाही.

आणि एक बाजू अशी आहे जिथे वकिलाची सगळी कुलपं तोकडी पडतात. ती अशिलाची बाजू. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार करू पाहणाऱ्या बाईला अर्जाचा मसुदा फोनवर पाठवला आणि त्या फोनचा पॅटर्न नवऱ्याला माहीत असेल, तर ऑफिसातलं एन्क्रिप्शन तिला वाचवत नाही. सिम अनेकदा त्याच्याच नावावर असतं. ओटीपी त्याच्याकडे जातो. ईमेल खातं मुलाच्या शाळेच्या फॉर्मसाठी त्यानंच उघडून दिलेलं असतं.

म्हणून पहिल्या भेटीतच, वकीलपत्रावर सही घेण्याआधी, दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरं फाईलवर लिहून ठेवायला हवीत. ताई, हा फोन तुमच्याशिवाय आणखी कोण बघतं? आणि कुठल्या वेळी फोन केला तर चालेल? उत्तर अडखळत आलं, तर त्या प्रकरणाचा एकही कागद तिच्या फोनवर जाणार नाही. मसुदा वाचायला तिला ऑफिसात बोलवायचं, किंवा ती माहेरी जाईल त्या दिवशी तिच्या बहिणीच्या घरून बोलायचं.